अडीच तास पुढं

पहाटे साडेपाचला मी लॉगिन करते
तेव्हा लोंबोकला आठ वाजलेले असतात.
इथं हरिपुरात दूधवाला गजबरे
घंटी न वाजवता येतो,
कारण बापूंनी त्याला सांगून ठेवलंय,
'पोरगी सकाळची परदेशात असती.'

मी बेटावर नाही हे ऑफिसला ठाऊक नाही.
पाठीमागं फोटो लावलाय: दोन माड
आणि कड पांढरी होत आलेली एक लाट,
जी दोन महिने फुटायची राहिलीय.
मेलानी विचारते, आज पाणी कसं होतं?
मी म्हणते, सपाट.
यात खोटं काही नाही.
कृष्णा आणि वारणा, दोघी घाटाखाली
इस्त्री करून ठेवल्यासारख्या.

तिकडं चार वर्षं
उजाडायच्या आत फळीवर पालथं पडून
हात मारत आत जायचं,
लाटांच्या पलीकडं जाऊन बसायचं, गप्प,
मग केसांतल्या मिठासकट मीटिंगला.
अनोळखी माणसांच्या पगाराचे तक्ते तपासायचे.
कीबोर्डवर मेणाचे ठसे.
इबू रहमाच्या पडवीत राऊटर टांगलेला,
पाऊस आला की ती त्यावर टोपलं घालायची,
कोंबडीवर घालावं तसं.
सुख होतं. नव्हतं कशाला म्हणू.
फक्त दुपारी वारा फिरला
आणि लाटा मोडक्या यायला लागल्या
की कुणाशी तरी मराठीत भांडावंसं वाटायचं.

बापूंचा गुडघा बदलायचा ठरला, मी आले.
ट्रॅव्हल्सच्या क्लीनरनं लांबडी पिशवी बघून विचारलं,
'ताई, आत मयत हाय का?'

बापू हळदीच्या पेठेत एकतीस वर्षं तोलणार.
त्यांनी चेन उघडली, फळी दोन्ही हातांवर घेतली,
डोळे मिटले.
'सव्वातीन किलो. एवढ्यावर उभी ऱ्हातीस?'
मग उलटी केली, शेपटाकडून बघितली.
'पांगराच की गं. लांबवलेला.'

सहा वर्षांची होते. पाठीला पांगऱ्याचा ओंडका बांधून
त्यांनीच ढकललं होतं संगमात.
दर आठवड्याला ओंडका तासून
थोडा थोडा कमी करायचे, मला न सांगता.
एक दिवस पाठीवर नुसती दोरी होती
आणि मी नदीच्या मध्यावर.

परवा मीटिंग चालू असताना ते चहा घेऊन आले.
पडद्यावर आधी नुसता हात आला,
नखांत अजून पिवळी असलेली बोटं,
लाटेतून कपबशी बाहेर काढणारी.
मग अर्धा खांदा, त्यातून माड उगवलेला.
डोकं आलंच नाही.
नऊ जण बघत होते.
मेलानी म्हणाली, हे कोण?
मी म्हटलं, वडील.
पुढं कुणी काही विचारलं नाही,
मीही फोटो काढला नाही.

संध्याकाळी म्हणाले, 'मला निजव त्याच्यावर.'
डॉक्टरांनी पायऱ्यांना नको म्हटलंय,
पाण्याबद्दल काही बोलले नव्हते.
कमरेइतक्या पाण्यात मी शेपूट धरून उभी,
फळीवर सत्तरीचा माणूस पालथा,
बनियनला भोक, हनुवटी मेणावर.
'हितं लाट का न्हाई येत?'
'समुद्र लागतो, बापू.'
'मग ह्या दोघी जात्यात कुठं?'

तेवढ्यात पलीकडून बिरू काहिलीत बसून निघाला,
गुळाच्या वासाची जुनी काहील, गोल गोल फिरत.
तिचं पाणी आमच्यापर्यंत यायला वेळ लागला.
फळी दोन बोटं वर आली,
दोन बोटं खाली.
'आली,' ते म्हणाले,
आणि डोळे मिटून,
'पावशेर.'

घाटावर चपलेत ठेवलेला फोन थरथरत होता.
बिरू उतरला, जाळं झटकलं, बिडी पेटवली.
आम्ही तो परत फिरायची वाट बघत
तसेच थांबलो.