दोन रकाने

हसमुखभाईंनी कोरा कागद दिला,
पट्टी ठेवून मधोमध रेघ मारली:
डावीकडे फायदे लिहा, उजवीकडे तोटे.
सोमवारी शेठ ठरवणार,
डिझेलचा फोर्कलिफ्ट ठेवायचा की बॅटरीचा आणायचा.
तुम्ही स्टोअरला आहात, तुम्हाला ठाऊक.

मला ठाऊक आहे ते असं:
मकरपुऱ्याच्या चार नंबर शेडमध्ये
आम्ही ट्रान्सफॉर्मर बनवतो,
गावोगावच्या विजेची सोय,
आणि ती उचलून गाडीत ठेवतं डिझेल.
हा फायदा की तोटा?
पहिल्याच ओळीला पेन अडलं.

मग सोपं सोपं लिहिलं.
तीन टन घेऊन ट्रेलरपर्यंतचा चढ चढतो, कण्हत नाही.
यार्डात घोटाभर पाणी साचलं तरी थांबत नाही.
टाकी पाच मिनिटांत भरते;
बॅटरीवाला रात्रभर
सलाईन लावल्यासारखा भिंतीपाशी पडून राहील.

उजवीकडे:
डिझेलचा खर्च (लॉगबुक पाहावं),
ऑइल, फिल्टर, फॅनबेल्ट,
पौषात सकाळी हीटर तापेपर्यंत सगळे हाताची घडी घालून उभे.
पत्र्याला आतून काजळी.
गर्डरवर कबुतराची पिल्लं अंड्यातून निघतात
ती आठवड्यात काळी होतात.
सेव-उसळीच्या रश्शावर तवंग असतो, तेलाचाच,
कुठल्या तेलाचा ते आम्ही एकमेकांना विचारत नाही.

हणमंतराव घाडगे, ऑपरेटर, एकोणीस वर्षं.
सीटखालची थरथर कमरेच्या मणक्यात जाऊन बसली आहे.
उजव्या कानाने ऐकू येत नाही.
खोकला सोमवार ते शनिवार,
रविवारी नसतो.
हे तोट्यांत लिहिलं,
आणि वाटलं, आधी त्यांना विचारायला हवं होतं.

विचारलं.
त्यांनी डावा कान पुढे केला, मग म्हणाले,
बाई, गेल्या आठवड्यात तो डेमोचा आला होता ना,
पांढराशुभ्र, पाटावर बसवलेल्या नवरदेवासारखा.
किती गरीब! श्वाससुद्धा ऐकू येईना.
कनुभाई खाली वाकून बुशिंग मोजत होता,
दोन्ही दात त्याच्या पाठीशी वीतभर आले
तेव्हा मी ओरडलो.
आपला हा कोपऱ्यावर वळायच्या आधी
सगळ्या शेडला सांगून वळतो.

एवढं बोलून खोकले.

दुपारी कागद पुरा केला.
डावीकडे शेवटचा शब्द: आवाज.
उजवीकडे शेवटचा शब्द: आवाज.
हसमुखभाई म्हणाले, बेन, चूक झाली,
एका बाजूचा खोडा.
खोडरबर पुढे सरकवलं.
मी पेनाने लिहिलं होतं.

बाहेर हणमंतरावांनी चावी फिरवली,
कबुतरं उडाली, परत बसली.
मी लॉगबुक ओढलं,
तारीख घातली,
डिझेल वीस लिटर.