वाट देण्याची जागा

लुईस बेटावर गाड्या आपल्यासारख्याच डावीकडून चालतात,
तेवढ्या भिस्तीवर मी स्टिअरिंगला बसले.
श्रीरंगकडे नकाशा, उकडलेली अंडी
आणि दर वळणावर 'थांब, फोटो' म्हणायचा हक्क.

रस्ता एका गाडीपुरताच.
औषधालासुद्धा झाड नाही.
तपकिरी माळ, त्यात आभाळाची डबकी,
पाठीवर निळा फराटा ओढलेल्या मेंढ्या
डांबरावर रवंथ करत बसलेल्या,
सातबारा त्यांच्याच नावावर असल्यासारख्या.

थोड्या थोड्या अंतरावर रस्त्याला पोट सुटलेलं,
शेजारी पांढरी पाटी: वाट देण्याची जागा.
ज्याला जवळ पडेल त्यानं आत शिरायचं.
पहिल्याच दिवशी मी विसरले,
सरळ नेऊन भिडवली एका म्हाताऱ्याच्या लाल व्हॅनला.
तो हॉर्न न वाजवता अख्खा चढ उलटा गेला
आणि मी जाताना
स्टिअरिंगवरचं एक बोट उचललं त्यानं.
चिडला, मी म्हटलं.
रात्री आमची घरमालकीण पेगी हसली:
"नमस्कार होता तो.
इथं अख्खा हात हलवतो तो पाहुणा."

मग मीही बोट उचलू लागले.
पोस्टमनला, दुधाच्या टँकरला,
एकदा तर मेंढीलाच.

चौथ्या दिवशी निघालो त्या किनाऱ्याला
ज्याच्या एका फोटोपायी एवढी सुट्टी काढलेली.
वळणापलीकडे माणसं.
काळे कोट, दोन रांगा, मधे शवपेटी.
मी पोटात गाडी घातली, इंजिन बंद केलं,
वायपर काचेवर अर्ध्यातच थांबला.

आपल्याकडे खांदा, इथं मूठ.
लाकडी दांडा काही पावलं धरायचा,
मागच्याच्या हाती द्यायचा, बाजूला व्हायचं.
कुणी काही बोलत नव्हतं,
फक्त ओल्या बुटांचा आवाज.

श्रीरंग उतरला, टोपी काढून उभा राहिला.
कुणीतरी त्याला भुवईनं बोलावलं.
त्या सगळ्या काळ्यात त्याचं पिवळं जाकीट
आरशात लहान लहान होत गेलं.
मी मोजली. तेवीस पावलं.

परत आला तेव्हा तळहात पाहत होता.
"जड नव्हतं," म्हणाला,
आणि बराच वेळ नकाशा उलटा धरून बसला.

किनारा राहिलाच.

"कॅलम. विणकर होता," पेगीनं सांगितलं.
लाल व्हॅनवाला?
"नाही गं, तो त्याचा भाऊ."

निघायच्या सकाळी ती व्हॅन समोरून आली.
मी लगबगीनं पोटात शिरले.
त्याच क्षणी तोही शिरला, पलीकडच्या पोटात.
मी थांबले. तो थांबला.
मधला रस्ता मोकळा,
दिवे उगाच लुकलुकत दोन्हीकडे,
आणि एक मेंढी, सावकाश,
मधोमध येऊन उभी.