मौनप्पांचा अंगठा

मौनप्पांना अक्षर येत नव्हतं.
समाधीच्या शिळेवर म्हणून नाव नाही,
कोरलाय फक्त अंगठा, भाकरीएवढा,
तेलानं काळा.

शेजारची खोली सुताच्या गाठोड्यांची.
माग बंद पडले त्या वर्षी रिकामी झाली
आणि नरसय्या बोम्मानं आणून टाकलं
एक मराठी वर्तमानपत्र, एक तेलुगू.
कानडी आलं पुढं, भांडून.
उर्दू कुणी ठेवलं, अजून कळलेलं नाही.

भिंतीवर पाटी: शांतता राखा.
दुपारी चारला मात्र ती उलटी व्हायची.
सुपं मांडीवर घेऊन बायका कट्ट्यावर,
तेंदूपत्ता कातरत,
आणि आतून नरसय्या मोठ्यानं वाचायचा:
बाजारभाव, खून, हरवले आहेत,
शेवटी पोथीचा अर्धा अध्याय.
अर्धाच. उद्या याव्यात म्हणून.

आता एप्रिल. पत्रा तापून टकटक वाजतो.
बाकांवर तलाठ्याच्या परीक्षेची पोरं,
बाटल्यांना ओली फडकी.
पाटी सुलटीच असते दिवसभर.

संध्याकाळी रुक्कव्वाची अनसूया पुस्तक मिटते,
समाधीपाशी जाते.
आईचा अंगठा रेशनच्या मशीनला वाचता येत नाही,
विड्या वळून रेषाच गेल्यात.
उद्या परीक्षेच्या दारात हिचा घेतील.

शिळेवर टेकवते.
गार आहे दगड, एवढ्या उन्हातही.

तेलाचा डाग घेऊन घरी येते
आणि सूप पुढ्यात घेतलेल्या आईला
मोठ्यानं वाचून दाखवते
हॉल तिकिटामागच्या सूचना.
बारावीपाशी थांबते.

आई म्हणते, मग पुढं?