त्याचा रंग पेटीत नव्हता

बोरबर्डीच्या शाळेत मी चित्र टांगलं.
खिळा आधीचाच होता,
पोलिओच्या तारखांमागे गंजलेला.
चित्रात लांडगा: निळे डोळे, मानेभोवती दाट लोकर,
पाठीमागे बर्फ.
कार्यालयानं दिलं तेच आणलं मी,
कारंज्यापासून एसटीत उभ्यानं,
गुंडाळी कडेवरच्या पोरासारखी धरून.

'हा आपला मित्र आहे,' मी म्हणाले.
पहिल्या बाकावरची पोरगी म्हणाली,
'मॅडम, यानंच आमचं पाटरू नेलं.'
वर्ग हसला. मीही, जरा उशिरा.

खिडकीचा गज धरून लिंबाजी पोले उभे होते.
मागं मेंढरं, शाळेच्या कुंपणाला तोंड लावून.
'हे कोठचं जनावर व्हय बाई?
याले त आमच्या उन्हात दोन दिस नाई निघाचे.
आमचा असा नसते.'

मग कसा असतो, मी विचारलं.
खरं सांगते, तोवर कुणालाच विचारलं नव्हतं.

ते आत आले नाहीत. तिथूनच सांगत राहिले:
'काटकुया. पोट पाठीले लागेल.
पाय लांब, जसे कोणाचे उसने आणेल.
रंग म्हणाल त दिवाई झाल्यावर
कुसई वाऱ्यानं आडवी होते ना, तो.
बसला त दगड.
उठला तवाच समजते का दगड नव्हता.'

पोट्ट्यांनी मेणखडूंची पेटी उघडली.
बारा रंग. त्यात तो नव्हता.
पिवळ्यावर तपकिरी घासला, वर थुंकी लावली,
एकानं बाहेर जाऊन
मूठभर मातीच आणली.

मला जे सांगायचं होतं ते वहीत होतं:
कायदा, कलमं, शिक्षा, किती उरले त्याचा अंदाज.
अर्धंच सांगून झालं.
उरलेलं लिंबाजींनी सांगितलं, तेही विचारल्यावर.

मागच्या माघात बर्डीवरच्या घळीत चार पिल्लं होती.
गावातले दोघे निघाले धूर कोंडायला,
तुराट्या, मिरच्या, ओलं पोतं घेऊन.
त्याच आठवड्यात लिंबाजींची सात कोकरं गेलेली;
म्हणून मान त्यांचा, पहिली काडी त्यांची.
ते गेले. काडी ओढली.

'मग?'

'मग बिडी पेटवली.
अन् बसलो बियाच्या तोंडाशी, अंधार होवस्तोर.
ते पोट्टे कंटायून घरी गेले.'

का, याचं उत्तर माझ्या वहीत छापलेलं आहे,
अन्नसाखळी, समतोल, रंगीत बाणांसकट.
लिंबाजी म्हणाले,
'माह्या कुत्रीलेही तवा चारच झालते.'

सात कोकरांचा पंचनामा झाला नाही.
पंचनाम्याला मढं लागतं
आणि लांडगा ते मागं ठेवत नाही.
'त्यानं पावती देयाले पायजे होती,'
गंगासागरबाई म्हणाल्या, चहा गाळता गाळता,
माझ्याकडं न बघता.
अर्ज मी भरून दिला.
दोनदा परत आलाय.

परतताना बर्डी दाखवली त्यांनी.
कागदावर ती पडीत, ई-क्लास.
यंदा झाडं लावायची म्हणून खड्डे खणलेत,
ओळीनं, घळीच्या काठापर्यंत.
झाडाला नको म्हणणारा माणूस
वाईटच दिसतो. मीही गप्प राहिले.
गवताची बाजू कुणी, कुठल्या टेबलावर मांडायची?
लिंबाजींनी खड्ड्यात काठी घालून खोली बघितली.
'सावली मोठी होईन,' म्हणाले,
'मेंढरू काय सावली खाईन?'

सकाळी मी निळ्या डोळ्यांचं चित्र उतरवलं,
गुंडाळलं, दोरी बांधली.
पोरांनी आपली आणून दिली, अकरा कागद.
एक गाढवासारखा, दोन कुत्र्यासारखे,
एकाला सहा पाय, पळतोय म्हणून.
पाटरूवालीच्या कागदावर मात्र
गवत, मातीच्या बोटांचे ठसे,
आणि मधोमध एक दगड.

'लांडगा कुठं आहे?'

तिनं माझ्याकडं असं पाहिलं
जसं लिंबाजींनी माझ्या बर्फाकडं पाहिलं होतं.

'अजून उठला नाही तो.'