वाकून चालायची सवय

बाबा घरीही कुजबुजतच बोलायचे.
मीठ दे, एवढं सांगायलाही
तोंड कानाशी आणायचे.
आई वैतागायची: अहो, इथे कुणी अंड्यांवर बसलेलं नाही.

बसलेले असायचे तिकडे,
बंदरापासून बोटीनं तीन तासांवर.
थोरलं बेट, धाकटं बेट,
आणि एक नुसता खडक, ज्याला सरकारी कागदावर नंबर होता.
पाणकावळे, मानेला मान लावून, जमीन दिसू नये इतके.
कपारीतून पांढऱ्या मिशांचे सुरय.
आमच्या किनाऱ्यावर पाऊस पडत नाही,
म्हणून शीट वाहून जात नाही, थरावर थर साचते.
सात-आठ वर्षांनी माणसं येऊन ती फावड्यानं खरवडतात,
आणि डोंगरात ओतिलिया आत्याचे बटाटे
मुठीएवढे होतात.

नियम साधा. ताठ उभं राहायचं नाही.
उभा माणूस दिसला की थवा उठतो,
उघड्या अंड्यांवर कुरव उतरतात.
लिमाच्या साहेबानं पितळी शिट्टी दिली होती,
आणि ती वाजवायची नाही अशी ताकीदही.

एका रात्री सुरुंगानं मासे मारणारी होडी आली.
बाबा ओरडले नाहीत. वल्हवत गेले,
कंदील वर धरला.
होडीत आत्याचा नवरा, ग्रिमाल्दो.
दोघं बराच वेळ हळू आवाजात बोलले,
लोकांना वाटलं असतं, घरचंच काही चाललंय.
सकाळी वहीत नाव लिहिलं, पूर्ण, आडनावासकट.
त्यानंतर आत्याकडून बटाटे आले नाहीत.

माझ्या लग्नात ते पाहुण्यांमधून असे वाकून गेले
की फोटोत नुसती पाठ आली.

मग ते वर्ष. नाताळाआधीच पाणी कोमट झालं,
मांदेलीसारखी बारकी मासळी खोल उतरली,
पाखरं आठवड्याभरात गेली. पिल्लं तिथेच.
बाबांनी हे मला एकदाच सांगितलं, भांडी घासताना:
थोरल्या बेटाच्या माथ्यावर ते ताठ उभे राहिले,
कंबर कडकड वाजली,
आणि शिट्टी फुंकली, गालफडं दुखेपर्यंत.
काही उडालं नाही.
वहीत पाखरांच्या रकान्यात शून्य घातलं,
खाली नेहमीसारखी सही, तारीख,
आणि डिझेल किती उरलं ते.

पाखरं परतली, थोडी, दोन वर्षांनी.
तोवर बाबांची पेन्शन सुरू झाली होती.
ते दारात बसून मांजराशीसुद्धा हळूच बोलायचे.

शिट्टी आता माझ्या स्वयंपाकघरात, खिळ्याला.
परवा धाकट्यानं स्टुलावर चढून ती काढली,
छाती फुगवून श्वास घेतला,
आणि हातातला तवा तसाच धरून
मी खाली वाकले.