कान चुकलाय

ग्लासगोत रात्रीचे दीड. नाशकात सात वाजलेत.
कालिंदी फोन बरणीला टेकवून ठेवते,
मागे कुकर, खाली तांबट आळीतले ठोके,
आता दोन-तीनच दुकानं ठोकतात, म्हणते.
हात पुसलेस ना कोरडे?
दादा, रोज विचारता.

वामन गायधनी. जन्म पळसे.
नोटांच्या छापखान्यात एकतीस वर्षं,
सुटताना रोज खिसे उलटे करून दाखवायचे.
आणि घरी नऊशेवर चित्रं,
वर्तमानपत्रात गुंडाळलेली, सुतळीनं बांधलेली,
कुणालाच सुटू नयेत अशा गाठी.
कालिंदी दातांनी सोडवते.
दातांनी नको गं, मी म्हणतो.

रकाने मी आखून दिलेत.
क्रमांक, माप, साल, माध्यम
(काजळ, लाल शाई, हळद, एकदा नुसता चहा).
'विषय'पाशी ती अडते.
उघडे पुरुष, असं लिहिते. खोडते.
मग लिहिते: माणसं.
मी ते तसंच राहू दिलं.

पंचवटीत उपाध्यायांकडे चोपड्या आहेत.
पळशाचे गायधनी म्हटलं की पानं उलटतात,
आजा, पणजा, खापरपणजा, मोडीतल्या सह्या.
वामनरावांच्या नावापुढं भाच्यानं लिहवून घेतलं,
अविवाहित. तिथून खाली रेघ नाही.
ती ओढायला बसलोय मी,
साडेसात हजार किलोमीटरवर,
पायांत दोन-दोन मोजे घालून.

सगळा मुलूख अस्थी घेऊन नाशकात येतो,
मी नाशकातून कागद बाहेर काढतोय.
त्यांच्या अस्थी गंगेत सोडल्या त्या सकाळी
मी तिकिटांचे भाव बघत होतो.
दर गुरुवारी मला कान काढायला शिकवायचे.
जा तू, म्हणाले होते. इथं मी आहे.

क्रमांक दोनशे बारा. कोळसा, वरून पातळ केशरी.
रंगपंचमीची रहाड, काठावर एकजण,
धप्पा मारायच्या अगदी आधीचा,
हात वर, बगलेत ऊन,
मान मागे वळलेली, कुणी नावानं हाक मारावी तशी.
हाच खांदा एकशे चाळीसमध्ये आहे.
तीनशे सातमध्येही, झोपलेला, शेजारी चष्मा,
चष्मा वामनरावांचा.
मॉडेलचं नाव? कालिंदी विचारते.
मला माहीत आहे. तिलाही असणार.
भांड्यांचं दुकान, दोन सुना, गुडघ्याचं ऑपरेशन.
अज्ञात लिही, मी म्हणतो.
ती लिहीत नाही.

आणि काल ते स्वतःच आले.
खाली चौकात रहाड खणून उघडलेली,
पोरं केशरी होऊन बोंबलत होती,
हे काठी टेकत जिना चढून वर.
वामनचं सामान लावताय म्हणे.
चहा नको म्हणाले. बसले.
रंगपंचमीचं आहे का त्यात एखादं?
कालिंदीनं दोनशे बारा समोर धरलं.
हात दुखेपर्यंत धरून उभी होते, दादा.
मग त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला.
कान चुकलाय, म्हणाले.
तेव्हाच सांगितलं होतं त्याला.
खाली उतरताना एवढंच,
ओलीला ठेवू नका हं कागद.

मी कान मोठा करून बघतो पडद्यावर.
डावा. पाळी फारच खाली आलीय.
बावीस वर्षं ओळखतो हे चित्र,
कधी दिसलं नव्हतं.

शेरा, मी सांगतो, शेऱ्यात लिही:
डावा कान चुकलेला.
माहिती कुणी दिली, तो रकाना?
राहू दे.

उद्या रहाड बुजवतील, ती म्हणते,
फळ्या टाकतील, माती, परवा वरून रिक्षा जातील.
बोलता बोलता पुढचं गाठोडं ओढते,
वाकते, दातांत गाठ धरते.
मी काही म्हणत नाही.