उपकेंद्रामागे सव्वीस रोपं

तेहतीस केव्हीच्या जाळीबाहेर, पाण्याच्या टाकीखाली,
जिथे नळ गळतो आणि विटांवर शेवाळ धरतं,
तिथे मी मिरची टाकली.
बी भिवापूरच्या बाजारातलं, वर्तमानपत्राच्या पुडीत.
देणारा म्हणाला होता, फेकून द्या, येते.

आली. सव्वीस.
मोजली, कारण मोजणं हीच माझी नोकरी :
दर तासाला व्होल्टेज, दर तासाला अँपिअर,
रात्रपाळीच्या वहीत निळ्या शाईचे आकडे.
दर तासाला, मग, एक मग पाणीसुद्धा.
दोनला, तीनला, चारला,
टॉर्च दातांत धरून.

आठव्या दिवशी पाच आडवी झाली.
बुडाशी काळी, दोरा आवळल्यासारखी बारीक.
वहीच्या मागच्या पानावर लिहिलं :
ट्रिप पाच. कारण अज्ञात.

सायत्राबाई मेश्राम कुंपणाच्या कडेनं शेळ्या नेते.
सीझन आला की सातऱ्यावर मिरचीचे देठ तोडते,
एकतीस वर्षं झाली म्हणे.
ती थांबली, मातीत बोट खुपसलं, वास घेतला.
"काऊन जी साहेब, मिरची लावली का धान?"
म्हणालो, ऊन आहे, तहान लागत असेल.
"तहान तुमाले लागते.
इले लागली का इचे पानं सांगतेत.
सांगू तं द्या तिले."

मग रोपं हलवली,
ट्रान्सफॉर्मरच्या चौथऱ्याआडच्या उंचवट्यावर.
तिनं चुलीची राख आणली, मी नाल्याची वाळू.
दुपारच्या उन्हाला आडवं तिचं जुनं लुगडं, चार काड्यांवर.
साहेब तपासणीला आले तेव्हा विचारलं, हे काय?
मी म्हणालो, सर, अर्थिंग.
ते हसले नाहीत. वहीवर सही करून गेले.

दोन आठवडे बरे गेले.
मग पानं वळली, होडीसारखी, कडा वर.
बोकड्या, ती म्हणाली, आणि तीन रोपं
मला न विचारता उपटून शेळीच्याही तोंडी न देता
लांब नेऊन जाळली.
बाकीच्यांना वाळलेल्या निंबोळ्या कुटून, रात्रभर भिजवून,
फडक्यातून गाळलेलं कडू पाणी, वर साबणाचा जरासा फेस.
पानांच्या खालून मारा, ती म्हणाली, किडा वरून नाई राहत.
मी आयुष्यभर मीटरच्या काचेवर पाहिलं,
कशाच्या खालून पाहायची सवय नव्हती.

एकाला फूल आलं. पांढरं, मान खाली घातलेलं.
"खुडा."
पहिलंच आहे हो.
"म्हणूनच."
आणि ती सातऱ्याच्या गाडीत चढून गेली.

तीन दिवस मी ते खुडलं नाही.
चौथ्या दिवशी खुडलं,
नखाला हिरवा वास राहिला,
पहाटेच्या नोंदीत एक आकडा चुकला.

माघात ती रोज अंधार पडल्यावर परतायची.
हात पोटाशी धरून, बोटं एकमेकांपासून लांब,
कोपरानं पदर सावरत.
कुंपणाबाहेरूनच बघायची. हे हात
आता झाडाले नाई लावत, म्हणायची.
मी रोपांपाशी टॉर्च धरायचो, एकेकाचं पान उलटून दाखवायचो.
हो, चाललं. हो. ते तिसरं जरा बांधा, काडी लावा.

सतरा उरली.
पहिली मिरची तोडून मी तिच्या हातावर ठेवली.
तिनं न बघता देठ मोडला,
मग स्वतःकडेच बघून हसली,
आणि मिरची चावली, शिळ्या भाकरीशिवाय, नुसती.

तिखट आहे का?

"मले नाई समजत आता तोंडानं," ती म्हणाली.
"बोटाले समजते."
आणि अंगठा तर्जनीवर घासत थोडा वेळ उभी राहिली.
"आहे. भिवापूरचीच आहे."

त्या रात्री दोनच्या फेरीला मग भरला,
उंचवट्यापर्यंत नेला,
टॉर्च पानांवर धरला.
पानं काही म्हणत नव्हती.
पाणी मीच प्यायलो.